तुळशी भोईरचा चैत्रातला फेरा

तुळशी भोईर रागीट आहे हे पालेगावात कुणाला सांगावं लागत नाही. गावात आता शेतांपेक्षा इमारती जास्त झाल्यात, आणि त्या इमारतींत नव्याने राहायला आलेल्या माणसांनाही एवढं कळलेलं असतं की देवळामागच्या आंब्यांखाली गाडी लावायची नाही, तिथे म्हातारी राहते. जमिनीची पहिली मोजणी झाली तेव्हा मोजणीवाल्यांनी तिच्या वालाच्या शेतात लाल टोकाच्या काठ्या ठोकल्या होत्या. तुळशीने त्या एकूण एक उपटल्या, घरी नेल्या आणि परसातल्या घेवड्याच्या वेलांना आधाराला लावल्या. माणसं काठ्या मागायला आली तर म्हणाली, "शेंगा लागल्यान. आता कशा काढू? पुढल्या वर्षाला या."

शेत शेवटी गेलंच. दिरांनी विकलं. पण राहतं घर आणि मागचे आंबे तिचा नवरा चंदर जाताना तिच्या नावावर करून गेला होता, आणि तेवढ्यावर तिने कुणाची सावली पडू दिली नाही. चंदर स्वभावाने गरीब. बायकोचा आवाज चढला की तंबाखू मळत ओटीवर जाऊन बसायचा आणि आल्या-गेल्याला सांगायचा, "तिचा राग बरा हाय. तिच्या भ्यानं आमच्या घरात कुनी खोटं बोलत नाय."

बिचारा मेला तोवर हे खरं होतं.

दरवर्षी चैत्रात तुळशी दोन मैत्रिणींकडे जायची. पाडवा झाला की तांदळाच्या फेण्या वाळून तयार असायच्या, आंब्याला कैऱ्या धरलेल्या असायच्या. दोन पिशव्या भरायच्या, एक उल्हासनगरला, एक बारवीकडच्या रानात. सोबत वर्षभराच्या घरच्या बातम्या. कोण जन्मलं, कोण गेलं, कुणाचं जमलं, कुणाचं फाटलं. फोन आले तरी या बातम्या ती फोनवर सांगत नसे. तोंडावर सांगायच्या, समोरचीचं तोंड बघत.

उल्हासनगरची मैत्रीण म्हणजे कॅम्प एकमधली सिंधी विनिता. तुळशी तरुणपणी डोक्यावर पाटी घेऊन तिथे भेंडी, मुळे, वालाच्या शेंगा विकायला जायची. एका दारात एक सासूबाई प्रत्येक भेंडीचं टोक मोडून बघत होत्या. मोडून मोडून अर्धी पाटी झाली आणि मग म्हणाल्या, नको. तुळशीने अख्खी पाटी त्यांच्या ओट्यावर ओतली आणि गल्ली गोळा होईल एवढं भांडण केलं. दाराआड नवी नवरी पदराने तोंड दाबून हसत होती, ती विनिता. पुढच्या खेपेला तिनेच तुळशीला मागच्या दाराने आत घेतलं आणि कढी-भात वाढला. सासू गेली, विनिताचे केस पांढरे झाले, मुलं परदेशी गेली, पण मागचं दार तुळशीसाठी उघडंच राहिलं.

दुसरी अंजनी. बारवीच्या बाजूला डोंगराच्या कुशीत ठाकरांची वाडी आहे, तिथली. पूर्वी ती लावणीला आणि कापणीला पालेगावात यायची, तुळशीच्याच पडवीत राहायची. रुचिका, तुळशीची मुलगी, तान्ही होती तेव्हा तुळशी तापाने महिनाभर अंथरुणाला खिळली. त्या सबंध महिन्यात रुचिका अंजनीच्या पाठीला बांधलेली असायची. पोर पहिल्यांदा "आई" म्हणाली ते अंजनीला. त्याचाही तुळशीला तेव्हा राग आला होता.

यंदा नितीन आपणहून म्हणाला, "आई, मी नेतो तुला. नवी गाडी हाय, दिवसभर फिरू."

तुळशीला नवल वाटलं. नितीन तिचा मोठा मुलगा. गावात उभ्या राहणाऱ्या इमारतींना रेती-विटा पुरवायचा त्याचा धंदा, तोही बहिणीच्या नवऱ्याबरोबर, भूपेशबरोबर भागीत. फोन कानावरून खाली येत नसे. आईला कुठे न्यायला त्याला कधी सवड झाली नव्हती. तिने आळीभर सांगितलं, लेक गाडीनं नेतोय.

निघताना सून प्रतिभाने पिशव्या गाडीत ठेवल्या आणि खिडकीशी वाकून म्हणाली, "आई, कात्रपला रुचिकाच्या सासरी पण जा. नक्की जा."

"रुचिका घरी नाय," नितीन पुढून म्हणाला. "सासूबरोबर देवाला गेलीय."

प्रतिभाने खिडकीवरचा हात काढला नाही. नितीनने गाडी हलवली तेव्हा तो सुटला. नवरा-बायकोचं काहीतरी बिनसलंय, एवढंच तुळशीच्या मनात आलं.

आदल्या दिवशी सिंध्यांचा नव्या वर्षाचा सण, चेटीचंड, होऊन गेला होता. कॅम्प एकच्या गल्ल्यांत विजेच्या माळा अजून लटकत होत्या, रस्त्यावर फुलांच्या पाकळ्या चिकटल्या होत्या, दुकानदार उशिरा शटर वर करत होते. विनिताने दारातूनच दोन्ही हात पसरले. "अचो, वेहो! ये, बस. किती उशीर केलास, तुळसी. ताहिरी कालपासून तुझी वाट बघते."

ताहिरी म्हणजे त्यांचा गोड भात. तुळशी खुर्चीवर बसत नसे, जमिनीवरच बसली. नितीन मात्र बसला नाही. "काकी, बाथरूम कुठंय?" म्हणत आतल्या खोलीत गेला, तिथून बाहेर आला आणि "इथं रेंज नाय" म्हणत जिन्याने गच्चीवर गेला.

विनिताने ताटली पुढे ठेवली आणि विचारलं, "रुचिकाला का नाही आणलं? हाथ कैसा है अब उसका? प्लास्टर निघालं ना?"

तुळशीचा घास हातातच राहिला. "कसला प्लास्टर?"

विनिताचा चेहरा उतरला. "तुला माहीत नाही? हे राम. तुळसी, तुला माहीत नाही?"

तिने जे सांगितलं ते असं. संक्रांतीनंतर एका दुपारी रुचिका रिक्षाने एकटीच तिच्या दारात आली होती. डावा हात ओढणीत गुंडाळलेला, मनगट सुजून टम्म. विनिता तिला हाडांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरने विचारलं तेव्हा रुचिका खालमानेने म्हणाली, नवऱ्याने पिरगाळला. प्लास्टर घालून आणलं, झोपवलं, आणि विनिताने स्वतः नितीनला फोन लावला. "मी म्हटलं, भाई है, घरी घेऊन जाईल. तो लगेच आला. गोड बोलला. मी समजले तुझ्याकडेच आहे ती. रोज वाटायचं फोन करू, पण तू फोनवर अशा गोष्टी बोलत नाहीस, म्हटलं चेटीचंडला येशीलच..."

तुळशीला आठवलं. होळीला रुचिका आली नव्हती. आगरी घरातली लेक होळीला माहेरी येत नाही म्हणजे काय, म्हणून तुळशी फोनवर तिला वाट्टेल ते बोलली होती. रुचिका बदलापुरातल्या कात्रपमध्येच एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करायची. सुट्टी नाही म्हणाली. "तुला आता आई नकोशी झाली," असं तुळशी म्हणाली होती.

एरवी तुळशीने ताटली भिरकावली असती. विनिता तशाच तयारीने बसली होती. पण तुळशीने घास ताटलीत ठेवला, हात धुतला, पदराला पुसला आणि बाहेर जाऊन गाडीपाशी उभी राहिली. विनिताला ते फेकाफेकीपेक्षा भयंकर वाटलं. गॅसवर भाजी होती ती तिने बंद केली, चपला पायांत सरकवल्या आणि गुडघे धरत मागच्या सीटवर येऊन बसली. "मैं भी आती हूँ. मीच फोन केला होता ना? मला यायलाच पाहिजे."

नितीन खाली आला. दोघींचे चेहरे पाहून त्याने काही न विचारता गाडी सुरू केली. गल्ली संपून मोठा रस्ता लागला.

"रुचिकाचा हात कुनी मोडला?" तुळशीने विचारलं.

"बाथरूममध्ये पडली ती."

"नितीन."

आईने नुसतं नाव घेतलं की लहानपणी तो चड्डीत मुतायचा. आता चाळिशीला आला होता, तरी त्याने लगेच शब्द फिरवला. "बरं, झाली थोडी ओढाताण. भूपेशचं डोकं तापतं कधी कधी. पण त्यानं माफी मागितली माझ्याकडं. अक्षरशः हात जोडले."

"तुझ्याकडं? हात तुझा मोडला व्हता?"

नितीनने पुढचा टेम्पो मागे टाकला.

"मना कनाला सांगतला नाय?"

"तुला सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? कोयता घेऊन गेली असतीस."

"गेली असती."

"बघ! म्हणूनच नाय सांगितलं. संसारात होतं, आई, असं. प्रत्येक घरात होतं."

"तुझ्या बापानं माझ्यावर कधी हात उगारलेला बघितलास? बोल ना. बघितलास?"

"बाबा वेगळे होते." नितीनने हॉर्न दाबला, समोर कुणी नसताना. "आणि आमचा धंदा एकत्र हाय. दोन साईटी चालू हायत. आत्ता मधेच सगळं मोडायचं म्हणजे..."

"काय मोडायचं?"

"पार्टनरशिप, दुसरं काय."

"हात मोडला तो चालला तुना," तुळशी म्हणाली. "पार्टनरशिप मोडायची नाय."

मागे विनिताने कपाळाला हात लावला. अंबरनाथ आलं. पालेगावाकडे वळायचा रस्ता आला तसा नितीनने इंडिकेटर टाकला. "घरी जाऊ. थंड डोक्यानं बोलू."

"कात्रपला चल."

"ती तिथं नाय, बोललो ना मी."

"तर तिचा नवरा असंल. गाडी वळवलीस तर मी दार उघडून उतरन. चालत्या गाडीतून उतरन, रं."

ती उतरली असती हे त्याला ठाऊक होतं. त्याने इंडिकेटर बंद केला.

बदलापूरपर्यंत तुळशी खिडकीबाहेर बघत होती, पण तिला दिसत काहीच नव्हतं. होळीच्या त्या फोननंतर रुचिकाने एकदा व्हिडिओ लावला होता. डाव्या खांद्यावरून ओढणी खाली सोडलेली, सगळा वेळ. "उकडतंय नाय गो तुला एवढी ओढणी?" असं तुळशीनेच विचारलं होतं. आपले डोळे फुटले होते का? मग तिला वाटलं, डोळे फुटले नव्हते, घरातली माणसं डोळ्यांवर हात धरून उभी होती. आपलाच मुलगा. प्रतिभालाही ठाऊक असणार. आणि आपण आळीभर सांगत सुटलो, लेक गाडीनं नेतोय.

कात्रपला भूपेशचा फ्लॅट लिफ्टवाल्या इमारतीत होता. विनिताचे गुडघे, म्हणून तिघं लिफ्टने वर गेले. नितीन पुढे झाला. त्याने बेल दाबली तेव्हा तुळशी त्याच्या पाठीमागे होती. दार भूपेशने उघडलं. हाफपँटवर होता, आत टीव्हीवर क्रिकेट चाललं होतं. समोर नितीनला बघून तो पटकन म्हणाला, "काय दादा, मिळाली का?"

आणि मग त्याला सासू दिसली.

तुळशी अडाणी होती, पण मठ्ठ नव्हती. त्या चार शब्दांत तिला सगळा दिवस उलगडला. रुचिका देवाला गेलेली नव्हती, घर सोडून गेली होती. हे दोघे तिला शोधत होते. आईच्या दोनच मैत्रिणी, रुचिका गेली तर त्यांच्याकडेच जाणार. पण नुसता नितीन दारात गेला तर त्या तोंड उघडणार नाहीत. म्हणून आईला गाडीत घातलं. म्हणून विनिताच्या आतल्या खोलीत डोकावणं, म्हणून गच्ची. कुत्र्याला वास द्यायला नेतात तसं पोटच्या पोराने तिला लेकीच्या मागावर फिरवलं होतं.

"आई, या ना, बसा," भूपेश म्हणाला. "काय झालं, परवा थोडी कुरबुर झाली आणि ती रागारागात..."

तुळशीने त्याचं मनगट धरलं. भाताचे भारे झोडलेला, विहिरीचं पाणी ओढलेला तिचा हात. साठी उलटली तरी त्यातला पीळ गेला नव्हता. तिने ते मनगट हळूहळू फिरवलं. "असा पिरगाळलास? का असा?"

"आई! आई, सोडा, लागतंय..."

"लागतंय? मना वाटलं बाथरूममध्ये पडल्यावरच लागतं."

भूपेश दारातच गुडघ्यांवर आला. आतून त्याची आई धावत आली आणि किंचाळली, "मारून टाकलं माझ्या पोराला! दोन बायका घरात घुसल्या!" नितीन मधे पडू बघत होता. तुळशीने एका क्षणी हात सोडून दिला, जसा भाजीचा सडका देठ टाकावा तसा. मग ती मागे सरून जिन्याच्या मोकळ्या जागेत उभी राहिली आणि ओरडली. या बांधावरून पलीकडच्या शिवारात हाक पोचवायचा गळा तो. "ऐका रं बिल्डिंगवाले! या घरातल्या मानसानं बायकोचा हात मोडलाय! माझ्या पोरीचा! नाव भूपेश! आन् हा तिचा भाऊ, यानं तिला उचलून परत इथंच आनून टाकली!"

दारं उघडली. खालच्या मजल्यावरची माणसं जिन्यात आली. समोरच्या फ्लॅटमधली एक बाई जाळीच्या दाराआडून हलकेच म्हणाली, "आम्हाला ऐकू यायचं हो मावशी. भिंतीतून."

तुळशी तिच्याकडे वळली. "ऐकू यायचं? मंग? नुसता ऐकत व्हता?"

बाईने मान खाली घातली. भूपेशची आई काहीबाही बडबडत होती, पण ऐकणारी सगळी तुळशीकडे बघत होती. भूपेशने दार लावून घेतलं.

खाली आल्यावर नितीनचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. "इज्जत घालवलीस," तो म्हणाला. "आता चल, बस गाडीत. अंजनीमावशीकडं मीच नेतो."

म्हणजे रुचिका तिथेच असणार हे त्यानेही ओळखलं होतं. तुळशीने हात पुढे केला. "चावी दे."

"तुला कुठं चालवता येते?"

"दे बोलतंय ना."

का कुणास ठाऊक, त्याने दिली. तिने ती कनवटीला खोचली. "तू इथंच राहा. ज्याच्यासाठी गाडी काढलीस त्याच्यापाशी जाऊन बस. माझ्या मागं आलास तर मना आई बोलू नको."

इमारतीच्या फाटकावर रिक्षा मिळाली. बदलापूर मागे पडलं, उल्हास नदीवरचा पूल ओलांडला आणि गावं लागली. पुढे रस्ता रानात शिरला. रिक्षा खड्ड्यात आदळली की विनिता "हे राम" म्हणायची, पण परत जाऊ असं एकदाही म्हणाली नाही. पानगळ झालेल्या डोंगरावर कुठेकुठे पळस पेटला होता. मोहाचा वास आला तेव्हा तुळशीला कळलं की वाडी जवळ आली.

अंजनी अंगणात मोहाची फुलं वाळत घालत होती. तिने रिक्षा पाहिली, तुळशीला पाहिलं, विनिताला पाहिलं, आणि उठून दारासमोर उभी राहिली.

"रुचिका हाय ना आत?" तुळशीने विचारलं.

"नाय गं बाय. इथं कोन नाय आला," अंजनी म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच ती तुळशीशी खोटं बोलत होती आणि तिला ते नीट जमत नव्हतं. तिचे डोळे रिक्षाच्या मागच्या रस्त्यावर होते. "नितीन?"

"नाय आनला. चावी काढून घेतली त्याची."

अंजनीने खांदे सैल सोडले. "मंग ये. पोरी, भायेर ये गं. आईच हाय फकस्त."

रुचिका बाहेर आली. अंजनीचं जुनं लुगडं नेसलेली, केस नुसते बांधलेले. प्लास्टर निघालं होतं, पण मनगट अजून बारीक दिसत होतं, दुसऱ्या कुणाचं असावं तसं. आणि गालाच्या हाडावर नवा डाग होता, काळानिळा.

तुळशीने तो डाग पाहिला. दिवसभर जे पोटात धरलं होतं ते फुटलं, आणि फुटलं ते पोरीवरच. "आईचा घर पेटला व्हता काय तुझ्या? कॅम्पला गेलीस, रानात आलीस, सगळ्या दुनियेला सांगतलास! मीच तेवढी परकी? मी मेली व्हती?"

अंजनी मधे बोलायला गेली. रुचिकाने तिला हाताने थांबवलं.

"ओरड," ती म्हणाली. "ओरडून घे. तेच करतेस तू. तुझ्या घरात दादा राहतो, आई. मी पुढच्या दाराने आले असते आणि त्याने मला मागच्या दाराने परत नेलं असतं. आणि तू? तू कोयता घेऊन गेली असतीस, पोलिसांनी तुला धरलं असतं. सगळ्या गावाने म्हटलं असतं, बघा, आईच अशी, मग लेक नांदणार कशी? तो सुटला असता. तुझ्या रागाचं कौतुक झालं असतं आणि माझा हात सगळे विसरले असते."

इतकं ती कधीच बोलली नव्हती. आवाज चढलेला नव्हता, पण तुळशीला तो ओळखीचा वाटला. हा तिचाच राग होता, फक्त या पोरीने तो दातांखाली धरला होता.

तुळशी ओट्यावर बसली. आपण आत्ताच कात्रपला काय करून आलो ते तिच्या ओठांवर आलं आणि तिने गिळलं. विनिताने गिळलं नाही. "तुझ्या आईने भूपेशचा हाथ धरला," ती म्हणाली, "तो दरवाजे में ही बैठ गया." अंजनी हसली. रुचिका हसली नाही.

"आता तो तेच सांगेल पोलिसांना," ती म्हणाली. "म्हणून आजच जायचं. तक्रार मी देणार. तू फक्त शेजारी बसायचं. तोंडातून एक शब्द काढायचा नाही. जमेल?"

"नाय जमनार," तुळशी खरं तेच बोलली.

"मग इथंच थांब."

"येतंय," तुळशी म्हणाली. "चल. येतंय."

अंजनीने तिघींना भाकरी आणि चवळीची भाजी खायला घातली. रुचिका खात होती म्हणून तुळशीनेही खाल्लं. थांबवून ठेवलेल्या रिक्षात चौघी बसल्या. अंजनी आपणहून चढली. मोहाची फुलं तशीच उन्हात राहिली.

पोलीस ठाण्यात एका बाई अधिकाऱ्यापुढे रुचिकाने पहिल्यापासून सांगितलं. लग्नानंतर कधी सुरू झालं, कशावरून व्हायचं, लॅबमधून यायला उशीर झाला की काय व्हायचं. तुळशी बाकावर बसून ऐकत होती. पहिल्या दोन वर्षांतल्या गोष्टी होत्या त्यात. तेव्हा ती मुलीच्या घरी जाऊन पाहुणचार घेऊन यायची, जावई मोटारसायकलवरून स्टँडपर्यंत सोडायचा, आणि गावात येऊन ती त्याचे गोडवे गायची. प्रत्येक वाक्याला तिचं अंग ताठ होत होतं. अंजनीने तिचं मनगट धरून ठेवलं होतं, विनिताने दुसऱ्या बाजूने पदर.

मधेच भूपेशची आई तुळशीविरुद्ध तक्रार द्यायला दोन माणसं घेऊन तिथे पोचली आणि दारातूनच सुरू झाली. सून कामाच्या नावाखाली कुठे कुठे फिरते, कुणाकुणाबरोबर फिरते, असलं काहीबाही, चारचौघांत. तुळशी उठली. रुचिकाने मागे न बघता फक्त "आई" म्हटलं.

तुळशी बसली. तोंडात पदराचा बोळा कोंबला आणि बसली. तिचे डोळे लाल झाले, गळ्याच्या शिरा वर आल्या, पण आवाज फुटला नाही. अधिकारी बाईंनी भूपेशच्या आईला बाहेर थांबायला सांगितलं आणि रुचिकाला म्हणाल्या, "पुढे सांगा." विनिताने डॉक्टरकडे काय घडलं ते सांगितलं, आपल्या मोडक्या मराठीत, पण एक शब्द इकडचा तिकडे न करता. रुचिकाने उजव्या हाताने सही केली.

संध्याकाळी पालेगावात परतल्यावर तुळशीने नितीनला ओटीवर उभं केलं. या वेळी ती ओरडली नाही. "घर माझ्या नावावर हाय. आजपासून रुचिका इथं राहील. भूपेशबरोबरचा धंदा ठेवायचा तर तो बाहेर जाऊन ठेव."

"मला घराबाहेर काढतेस? त्याच्यासाठी?"

"तू केलास त्याच्यासाठी काढतंय. तो या घरातला नव्हताच."

नितीनने बायकोकडे पाहिलं. "चल, सामान भर."

"मी कुठं येऊ?" प्रतिभा म्हणाली. "मी सकाळी आईंना सांगायला बघत होते. तुम्ही गाडी चालू केलीत."

नितीन एकटाच गेला. समोरच्याच एका नव्या इमारतीत भाड्याने राहिला, खिडकीतून आईचे आंबे दिसतील इतक्या जवळ. भूपेशवर गुन्हा दाखल झाला, त्याला नेलं, तो जामिनावर सुटूनही आला. केस चालू आहे. तुळशीने त्याला मारलं अशी उलटी तक्रार त्याने खरंच दिली. त्या तक्रारीच्या चौकशीला समोरच्या फ्लॅटमधली ती बाई स्वतः येऊन सांगून गेली की म्हातारीने नुसता हात धरला होता, बाकी आम्ही किती वर्षं काय ऐकतोय ते विचारा. रुचिका दुसऱ्या लॅबमध्ये लागली. सुट्टीच्या दिवशी ती कॅम्प एकला जाते, विनिताच्या गुडघ्यांना तेल लावून येते.

भागी नितीनने मोडली, पण महिन्याने, आणि तेही भूपेश तारखांना जाऊ लागल्यावर बिल्डर त्याच्या नावाला कचरू लागले म्हणून. तुळशीला हे कळलं तेव्हा तिचा राग होता त्याहून वाढला.

पुढे गावच्या जत्रेला पालखी निघाली. तुळशी देवळाच्या पायरीवर बसली होती, शेजारी रुचिका आणि प्रतिभा. नितीन नवा सदरा घालून आला, सगळ्यांसमोर वाकला आणि आईच्या पायांशी हात नेला. आजूबाजूची माणसं बघत होती. तुळशीने पाय लुगड्याखाली ओढून घेतले आणि पालखी येईपर्यंत दुसरीकडे बघत बसून राहिली.